पालवणकर बाळू

पालवणकर बाळू, पूर्ण नाव बाळू बाबाजी पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे ब्रिटिशकालीन भारतातील क्रिकेटपटू व राजकीय कार्यकर्ते होते. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. धावफलकावर व वृत्तपत्रांत त्यांचे नाव सहसा पी. बाळू असे येत असे. पुण्यातील एका क्लबच्या मैदानावर मासिक वेतनावर काम करणारा मुलगा ते मुंबईच्या हिंदू संघाचा प्रमुख गोलंदाज, असा त्यांचा प्रवास झाला. १९११ साली इंग्लंडचा दौरा करणाऱ्या पहिल्या अखिल भारतीय संघातील ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून आलेल्या बाळूंना संघात स्थान मिळाले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद अधिकृतपणे कधीच मिळाले नाही. त्यांच्या क्रीडाजीवनाइतकाच हा प्रश्नही भारतीय क्रिकेटच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

प्रारंभिक जीवन

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील, दापोली परिसरातील. गावाच्या नावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. वडिलांच्या लष्करी सेवेमुळे कुटुंब कोकणाबाहेर पडले. बाळूंचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे झाला आणि त्यांचे बालपण पुण्यात गेले. त्यांना शिवराम, गणपत व विठ्ठल हे तीन धाकटे भाऊ होते. पुढे चारही भाऊ उच्च दर्जाचे क्रिकेट खेळले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्कर हे अस्पृश्य समाजांसाठी गावगाड्याबाहेर पडण्याच्या मोजक्या मार्गांपैकी एक होते. छावणीच्या शहरात क्रिकेटची मैदाने होती, गोरे अधिकारी त्यांवर खेळत आणि त्यांनी टाकून दिलेले साहित्य मुलांच्या हाती येई. बाळू व शिवराम यांची या खेळाशी ओळख अशीच झाली.

पुण्यातील उमेदवारी

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर होती. मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे या कामासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. सभासद खेळून झाल्यावर अधूनमधून त्यांना गोलंदाजी करायला सांगत.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर पांढऱ्या रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि प्रसंगी टेनिसची मैदाने आखणे ही त्यांची कामे होती. तेथील काही गोऱ्या खेळाडूंच्या प्रोत्साहनाने ते सरावाच्या जाळ्यात नियमित गोलंदाजी करू लागले. क्लबचे प्रमुख फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे चपळ पदन्यासासाठी प्रसिद्ध होते व पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडून खेळले. ते दररोज इतर सभासदांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्याबद्दल ग्रेग प्रत्येक वेळी बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर ग्रेग यांना आठ वेळा बाद केल्यावर बाळूंचा महिन्याचा पगार निघत असे.

या सरावात बाळूंनी अनेक वर्षे सातत्याने गोलंदाजी केली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. त्या काळच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी हा साहेबांचा आणि प्रतिष्ठितांचा अधिकार, तर गोलंदाजी हे श्रमाचे काम समजले जाई. इंग्लंडमध्येही हौशी खेळाडू व वेतन घेणारे व्यावसायिक असा भेद होता. पुण्यात त्यावर वर्णाची आणि जातीची भर पडली होती.

हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदूंचा क्लब युरोपियनांच्या संघाशी सामने खेळत असे. नित्य युरोपियन फलंदाजांपुढे गोलंदाजी करणारा खेळाडू आपल्याच शहरात असताना त्याला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबमध्ये मतभेद झाले. काही सभासदांचा विरोध होता, तर इतरांना सामना जिंकणे महत्त्वाचे वाटत होते. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले.

मैदानावर सर्व खेळाडू एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे जेवणही स्वतंत्र असे. या अटींवरही त्यांनी संघाला विजय मिळवून दिले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना यांपैकी विशेष गाजला. बाळूंच्या गोलंदाजीचा प्रभाव पडू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती कठीण केली होती, तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. परतल्यावर पुण्यात संघाचा सत्कार झाला. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत खाता-पिता का येऊ नये, अशा आशयाची जाहीर कानउघाडणी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सहखेळाडूंना केल्याचे चरित्रकार नमूद करतात. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केल्याचे सांगितले जाते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर भिन्न मते असलेल्या दोन्ही नेत्यांना या गोलंदाजाची दखल घ्यावी लागली.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ साली प्लेगची साथ पसरल्यानंतर पालवणकर कुटुंब मुंबईत आले. येथेही जुनाच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या काही सभासदांनी बाळूंच्या प्रवेशाला हरकत घेतली, परंतु संघाचे कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे त्यांना घेण्यात आले. उपजीविकेसाठी बाळूंनी रेल्वेत नोकरी धरली व रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. कलकत्त्यात नाटोरच्या महाराजांच्या संघाकडूनही त्यांनी गोलंदाजी केली. जिमखान्याची मैत्रीपूर्ण लढत, कचेरीचा संघ आणि संस्थानिकाचे निमंत्रण अशा तीन आधारांवर त्या काळच्या निष्णात खेळाडूचे क्रिकेट चाले. आजच्या अर्थाने व्यावसायिक क्रिकेट भारतात तेव्हा नव्हते.

१९०६ चा सामना

मुंबईत १८९२ पासून युरोपियन व पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होत असत. हिंदू संघाला या स्पर्धेत स्थान नव्हते. १९०५-०६ च्या हंगामात हिंदू जिमखान्याने आव्हान दिले. पारशांनी ते स्वीकारले नाही, मात्र युरोपियनांच्या बॉम्बे जिमखान्याने स्वीकारले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा सामना झाला. एरवी तेथील क्लबगृहात भारतीयांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता.

हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या व युरोपियनांना १९१ धावांत रोखले. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा केल्यावर युरोपियनांपुढे २१२ धावांचे लक्ष्य होते. बाळू व वेगवान गोलंदाज इराशा यांच्या माऱ्यापुढे त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला आणि हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. शिवराम हेही या संघात होते.

वंगभंगविरोधी चळवळीच्या काळात मिळालेल्या या विजयाला साहजिकच राष्ट्रीय रंग आला. मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने मात्र त्यात दुसरा अर्थ पाहिला. अस्पृश्य समाजातील भावांना संघात घेऊन, त्यांच्यासोबत वावरून मिळालेला हा विजय म्हणजे जातिबंधने सैल होण्याच्या वाटेवरील एक टप्पा आहे, असे मत त्याने मांडले. पुण्यातील मातीच्या भांड्यापासून मुंबईतील सहभोजनापर्यंतचे अंतर सुमारे एका दशकात कापले गेले होते.

१९०७ पासून पारशांच्या सहभागाने स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी झाली. या संपूर्ण काळात बाळू हिंदू संघाच्या गोलंदाजीचा कणा होते.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ च्या उन्हाळ्यात हिंदू, पारशी व मुस्लिम खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग कर्णधार होते. हिंदू खेळाडूंमध्ये बाळू, शिवराम, मुकुंद पै, बी. जयराम व यष्टिरक्षक के. शेषाचारी यांचा समावेश होता. आरंभीच्या काही सामन्यांनंतर महाराजांचा बराच वेळ दरबारी समारंभांत गेला. त्यांचे चिटणीस आणि संघातील उत्कृष्ट फलंदाज केकी मिस्त्री हेही त्यांच्यासोबत गेल्यामुळे फलंदाजी दुबळी झाली.

संघाने २३ सामने खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले व २ अनिर्णित राहिले. अपयशी ठरलेल्या या दौऱ्यात बाळूंची कामगिरी उठून दिसते. सर्व सामन्यांत मिळून त्यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणी सामन्यांतील होते व त्यांची सरासरी २०.१२ होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी टिपले. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ बळी मिळवले आणि भारतीय संघाने दौऱ्यातील पहिला प्रथम श्रेणी विजय नोंदवला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध केवळ एक गडी राखून मिळाला. त्यात शिवराम यांचे नाबाद शतक निर्णायक ठरले. म्हणजे दौऱ्यातील दोन्ही प्रथम श्रेणी विजयांत पालवणकर बंधूंचा मोठा वाटा होता.

बाळू त्या वेळी ३५ वर्षांचे होते व त्यांचा खांदा दुखत होता. दुसऱ्या टोकाकडून पुरेशी साथ नसल्याने त्यांना फार मोठा भार उचलावा लागला. इंग्लिश समीक्षकांनी त्यांची प्रशंसा केली आणि काही परगण्यांनी त्यांना व्यावसायिक म्हणून खेळण्याचे सुचवल्याचेही सांगितले जाते.

मुंबईला परतल्यावर दलित समाजातर्फे त्यांचा जाहीर सत्कार करण्यात आला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात तेव्हा शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांनाही बाळूंविषयी आदर होता. कर्तृत्वाच्या बळावर सर्व समाजांत मान्यता मिळवलेला आपल्या काळातील पहिला अस्पृश्य म्हणून अनेक तरुण त्यांच्याकडे पाहत होते.

कर्णधारपदाचा वाद

अनुभव व कामगिरी या दोन्ही निकषांवर १९१० नंतर हिंदू संघाच्या कर्णधारपदावर बाळूंचा दावा प्रबळ होता. तथापि निवड समितीने हे पद सातत्याने उच्चवर्णीय खेळाडूंकडे सोपवले. १९१३ मध्ये मुकुंद पै यांची निवड झाली. या निमित्ताने झालेल्या सत्कारात, ज्येष्ठ व श्रेष्ठ खेळाडू या नात्याने हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे स्वतः पै यांनी सांगितले. बाळूंनी आपली नाराजी जाहीरपणे मांडली नाही व ते संघासाठी खेळत राहिले.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न उघड संघर्षापर्यंत पोहोचला. समितीने ४४ वर्षांच्या बाळूंना संघातून वगळले. आजारपणामुळे पै पहिल्या सामन्यास उपलब्ध नसल्याने पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले. शिवराम व विठ्ठल हे दोघेही देवधरांपेक्षा या स्पर्धेत अधिक अनुभवी होते. जातीमुळेच आपल्याला डावलले गेले, असे जाहीर निवेदन काढून दोन्ही भावांनी संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून यावर मोठी चर्चा झाली. असहकार चळवळीबरोबर अस्पृश्यतानिवारणाचा विषय राष्ट्रीय व्यासपीठावर आलेला असल्यामुळे या वादाला क्रीडांगणापलीकडचे महत्त्व प्राप्त झाले.

पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि दोन्ही भाऊ संघात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा नेतृत्व बाळूंकडे आले. हिंदू संघाचे नेतृत्व करण्याची त्यांना मिळालेली संधी एवढीच होती. हा सामना अनिर्णित राहिला आणि याच हंगामात बाळूंची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली.

त्यांना नाकारलेले पद पुढे धाकट्या भावाला मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल यांची कर्णधारपदी निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांचा पराभव केला. विठ्ठल यांनी माझे क्रीडा-जीवन या मराठी आत्मचरित्रात आपल्या क्रीडाजीवनाच्या आठवणी नोंदवल्या आहेत.

खेळाची शैली

बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करीत. चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची क्षमता, उंची व वेगातील सूक्ष्म बदल आणि दीर्घकाळ एकाच टप्प्यावर मारा करण्याचे सातत्य ही त्यांची वैशिष्ट्ये होती. यॉर्कशायरचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना केली जाई.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. ही संख्या पाहताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. त्यांची नोंदलेली प्रथम श्रेणी कारकीर्द १९०६ मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर सुरू झाली. पुण्यातील व मुंबईतील तारुण्यातली त्यांची बरीचशी गोलंदाजी या आकड्यांत येत नाही. तसेच भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर सुमारे अकरा वर्षांनी खेळला. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव आढळत नाही.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. दलितांच्या उन्नतीसाठी हिंदू समाजात राहूनच प्रयत्न करावेत, अशी त्यांची भूमिका होती. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे आंबेडकरांशी मतभेद झाले. येरवडा तुरुंगात महात्मा गांधींचे उपोषण सुरू असताना झालेल्या वाटाघाटींत बाळू व मद्रासचे एम. सी. राजा यांनी भाग घेतला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळू होते. १९३५ मध्ये आंबेडकरांनी धर्मांतराचा मनोदय जाहीर केल्यावर त्यांनी त्यालाही विरोध दर्शवला.

१९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, परंतु ते पराभूत झाले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. ते या लढतीस फारसे उत्सुक नव्हते, असे सांगितले जाते. स्वतंत्र मजूर पक्षाच्या आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ज्या खेळाडूचा आंबेडकरांना तरुणपणी आदर वाटत होता, त्याच्याशीच त्यांना मतपेटीत सामना करावा लागला. दोघांचे उद्दिष्ट एक असले, तरी मार्ग वेगळे झाले होते. अन्याय सोसत संस्थेच्या आत राहून स्थान मिळवण्याचा बाळूंचा मार्ग त्यांच्या क्रिकेटमधील अनुभवाशी सुसंगत होता. मात्र दलित समाजातील मोठा वर्ग तोवर आंबेडकरांच्या मागे उभा राहिला होता.

निधन व वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात त्यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत गेले. धर्माधारित संघांच्या स्पर्धा १९४६ नंतर बंद पडल्या आणि त्यांत गाजलेले खेळाडूही मागे पडले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड या ग्रंथाने पालवणकर बंधूंकडे पुन्हा लक्ष वेधले. रणजितसिंह इंग्लंडमध्ये घडले, तर भारताच्या भूमीवर घडलेला पहिला थोर क्रिकेटपटू बाळू हा होता, असे गुहा यांचे प्रतिपादन आहे. २००१ सालच्या लगान या हिंदी चित्रपटातील कचरा हे फिरकी गोलंदाजाचे पात्र बाळूंवरून सुचले असावे, असे अनेकदा म्हटले जाते.

भारतीय क्रिकेटमधील जातीच्या प्रश्नाचा अभ्यास बाळूंच्या कारकिर्दीपासून सुरू होतो. त्यांच्या गोलंदाजीची गरज असल्याने संघाचे दार उघडले, सहभोजन त्यानंतर आले आणि नेतृत्वाचा अधिकार सर्वांत शेवटी, तोही पुढच्या भावाच्या वाट्याला आला. गुणवत्ता मान्य होणे आणि समान अधिकार मिळणे यांतील हे अंतर पार करण्यास पालवणकर कुटुंबाला पुण्यातील पहिल्या सामन्यांपासून सुमारे तीन दशके लागली.